बदायूं दरवाज्यावरचा चिखल आणि घरातली भट्टी

गेल्या रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर फिरत होता. सातशे वर्षांपूर्वी सुलतान अल्लाउद्दीन खिलजीने दिल्लीत दारूबंदी केली, दारूचे रांजण रस्त्यावर ओतले, असा खरा इस्लामी राज्यकर्ता आज कुठे आहे, असा त्याचा सूर होता. त्याच आठवड्यात कॉलेजमित्रांच्या दुसऱ्या ग्रुपवर त्याच खिलजीविषयी दुसरा मजकूर आला. त्यात तो दारू आणि चैनीत बुडालेला क्रूरकर्मा होता आणि त्याच्या दुर्गुणांचा हिशेब आजच्या मुसलमानांकडे मागितलेला होता. एकाच माणसाला एका ग्रुपने संत केले, दुसऱ्याने राक्षस. त्या दारूबंदीचे प्रत्यक्षात काय झाले, हे विचारावे असे कोणालाच वाटले नाही.

मला तेच महत्त्वाचे वाटते. त्या दारूबंदीची खरी कथा रस्त्यावर ओतलेल्या रांजणांपाशी संपत नाही. ती पुढे लोकांच्या घरांत शिरते. तिथे चुलीवर गुपचूप भट्टी लागते, चामड्याच्या बुधल्यांतून दारू साठवली जाते, आणि हिंदुस्थानातल्या सर्वांत बलाढ्य सुलतानाला शेवटी त्या घराच्या उंबऱ्याबाहेर थांबावे लागते.

या कथेचा मुख्य साक्षीदार म्हणजे झियाउद्दीन बरनी. त्यांनी ‘तारीख-ए-फिरोजशाही’ हा ग्रंथ १३५७ साली पूर्ण केला. खिलजीच्या काळात ते ऐन उमेदीत होते. त्यांचे काका अलाउल मुल्क दिल्लीचे कोतवाल होते. म्हणजे दरबारातली आणि शहरातली खबर त्यांच्या घरातच येत असे. बरनींचे स्वतःचे राग-लोभ आहेत, ते लपवतही नाहीत. पण दारूबंदीच्या प्रकरणात ते सुलतानाची निव्वळ स्तुतीही करत नाहीत आणि निव्वळ निंदाही करत नाहीत. काय घडले ते क्रमाने सांगतात.

बंदी का आली?

अल्लाउद्दीन १२९६ साली गादीवर आला. आपल्याकडे हे वर्ष देवगिरीच्या स्वारीमुळे लक्षात राहते. रामदेवराय यादवांकडून मिळवलेल्या संपत्तीच्या जोरावरच त्याने दिल्लीचे तख्त मिळवले. सुरुवातीची काही वर्षे यशामागून यश मिळत गेले. बरनी सांगतात की त्या नशेत सुलतान नवा धर्म काढण्याच्या आणि सिकंदरासारखे जग जिंकण्याच्या गप्पा मारू लागला. या गप्पा दारूच्या मैफलीतच रंगत. तेव्हा कोतवाल अलाउल मुल्क यांनी धीर धरून त्याला समजावले की धर्म देणे हे प्रेषितांचे काम आहे, राजांचे नव्हे. आणि हुजुरांनी मद्यपान आवरते घ्यावे. सुलतानाने रागावण्याऐवजी त्यांना इनाम दिले. पण मैफली बंद झाल्या नाहीत.

त्या बंद झाल्या भीतीमुळे. रणथंबोरची मोहीम चालू असताना तीन बंडे झाली. वाटेत तिलपतजवळ पुतण्या अकतखानाने सुलतानावर बाण चालवून स्वतःला सुलतान घोषित केले. बदायूं आणि अवध भागात उमरखान आणि मंगूखान या भाच्यांनी उठाव केला. खुद्द दिल्लीत हाजी मौला नावाच्या माणसाने काही दिवस शहराचा ताबा घेतला. तिन्ही बंडे मोडली गेली आणि १३०१ साली रणथंबोरही पडले. पण सुलतानाची झोप उडाली. त्याने विश्वासू माणसांना बसवून विचारले, बंडे होतात कशामुळे?

सल्लागारांनी चार कारणे सांगितली. सुलतानाला प्रजेच्या बऱ्यावाईटाची खबर नसते. अमीर-उमरावांत सोयरिकी आणि घरोबा वाढला आहे. लोकांच्या हाती पैसा खेळतो आहे. आणि दारू. दारूविषयीचे त्यांचे म्हणणे नीट वाचायला हवे. दारूमुळे माणूस बिघडतो किंवा अल्लाह नाराज होतो, असे ते म्हणत नाहीत. ते म्हणतात की दारूच्या बैठकीत लोक एकत्र येतात, मनातले बोलून टाकतात, एकमेकांचे जिवलग होतात आणि मग कट शिजतात.

सुलतानाचा रोख दारूपेक्षा बैठकीवर होता, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे सगळे उलगडते. शरीयतचा अंमल करायचा म्हणून ही बंदी आली नव्हती. एका धास्तावलेल्या राजाने चार उपाय केले, त्यातला हा एक. बाकीचे तीन होते हेरांचे जाळे, लोकांच्या जमिनी-इनामे काढून घेणे आणि अमीरांच्या भेटीगाठींवर व लग्नसंबंधांवर बंधने.

रांजण फुटले, भट्ट्या पेटल्या

सुरुवात सुलतानाने स्वतःपासून केली, एवढे श्रेय त्याला द्यायलाच हवे. मैफलीतली चिनी मातीची आणि काचेची भांडी फोडून त्यांचे तुकडे बदायूं दरवाज्यासमोर टाकण्यात आले. शाही तळघरातले दारूचे रांजण तिथेच आणून रिकामे केले. पावसाळ्यात व्हावा तसा तिथे चिखल झाला, असे वर्णन बरनी करतात. अमीरांना हत्तीवर बसवून गल्लीबोळांत, बाजारांत आणि सरायांत दवंडी पिटायला लावली. दारू गाळणारे, विकणारे, जुगारी शहराबाहेर काढले. त्यांच्याकडून मिळणारा भरघोस करही सोडून दिला. महसुलावर पाणी सोडणे आजच्या सरकारांनाही जड जाते, हे आपण जाणतोच.

व्हॉट्सअॅपवरचा मजकूर इथे संपतो. बरनी इथे थांबत नाहीत.

ते लिहितात की ज्यांना इज्जतीची चाड होती, त्यांनी दारू सोडली. ज्यांना नव्हती, त्यांनी चोरून दारू बनवायला सुरुवात केली. ती चढ्या भावाने विकली जाऊ लागली. चामड्याच्या बुधल्यांत भरून गवताच्या आणि जळणाच्या भाऱ्यांत लपवून ती शहरात आणली जाई.

घरात दारू बनवणे इतके सोपे का असते, हे इथे समजून घेऊ. गोड रस, मग तो द्राक्षाचा असो, खजुराचा असो, गुळाच्या पाण्याचा असो की मोहाच्या फुलांचा, उबेला ठेवला की डोळ्यांना न दिसणारे किण्व त्यातली साखर खाऊ लागते. साखरेचे मद्यार्क होते आणि हवेचे बुडबुडे वर येतात. यासाठी भट्टी लागत नाही, कारागीर लागत नाही. एक मडके आणि थोडे दिवस पुरतात. मात्र अशी दारू टिकवणे अवघड असते. तिला हवा लागली की काही दिवसांत ती आंबट होऊन सिरका होते. म्हणून ती तोंड बंद केलेल्या रांजणात, थंड तळघरात ठेवावी लागते. सुलतानाला तळघर होते, सामान्य माणसाकडे कुठून असणार? त्याच्यासाठी दुसरा मार्ग म्हणजे गाळणे. आंबवलेला रस विस्तवावर ठेवायचा, वाफ नळीतून न्यायची, पाण्याने थंड करून थेंब थेंब धरायचा. अशी दारू कमी जागेत मावते, सहसा आंबत नाही, आणि एका बुधल्यात रांजणाची नशा बसते. बंदीच्या काळात लपवायला याहून सोयीचे दुसरे काय असणार?

त्यामुळे पहारा कितीही कडक केला तरी माल शहरात येतच राहिला. दरवाज्यांवरचे रखवालदार आणि हेर झडत्या घेत. पकडलेली दारू हत्तीखान्यात पाठवून हत्तींना पाजली जाई. विकणाऱ्यांना, आणणाऱ्यांना आणि पिणाऱ्यांना मारझोड करून काही दिवस कैदेत टाकत. कैदी इतके वाढले की तुरुंग पुरेनात. मग त्याच बदायूं दरवाज्याबाहेर, येण्याजाण्याच्या हमरस्त्यावर, खड्डे खणले गेले आणि पिणाऱ्या-विकणाऱ्यांना त्यांत टाकले जाऊ लागले. अनेकजण त्या खड्ड्यांतच मेले. अनेकांना अर्धमेल्या अवस्थेत बाहेर काढले, त्यांची प्रकृती सुधारायला फार दिवस लागले.

खड्ड्यांच्या धाकाने पुष्कळांनी पिणे सोडले. ज्यांना सोडवेना ते यमुनेच्या उतारांवर आणि दहा-बारा कोस दूरच्या खेड्यांत जाऊ लागले. गियासपूर, इंद्रपत, किलोखरी या जवळपासच्या वस्त्यांतही उघड विक्री बंद झाली होती. तरीही काही लोक घरात दारू ठेवत, पीत, विकतही.

शेवटी सुलतानाने आपला हुकूम बदलला. कोणी आपल्या घरात गुपचूप दारू गाळून घरातच पीत असेल, मैफल भरवत नसेल आणि विकत नसेल, तर हेरांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. त्याच्या घरात शिरू नये, त्याला पकडू नये.

व्हॉट्सअॅपवरचा ‘खरा इस्लामी राज्यकर्ता’ इथे घरगुती दारूला परवानगी देऊन बसला. त्यात त्याचा पराभवही नव्हता. त्याचे काम झाले होते. लोक एकत्र बसेनासे झाले, कट थांबले. एकटा माणूस बंद खोलीत पिऊन पडला तर तख्ताला काय धोका? त्याच्या तब्येतीची, संसाराची, आखिरतची चिंता सुलतानाला आधीही नव्हती.

काजी मुगीस काय म्हणाले?

बरनींच्या ग्रंथात पुढे एक संवाद येतो. तो प्रत्येक मराठी मुसलमानाने आणि मराठी हिंदूनेही वाचावा असा आहे. बयानाचे काजी मुगीस यांना सुलतानाने काही प्रश्न विचारले. त्यातला एक आपल्या मातीतला होता. मी सुलतान होण्यापूर्वी देवगिरीहून जी दौलत आणली, ती माझी की बैतुलमालची, म्हणजे सार्वजनिक खजिन्याची? काजींनी सांगितले की ती इस्लामच्या लष्कराच्या बळावर मिळाली, म्हणून ती बैतुलमालचीच. सुलतान संतापला. हे उत्तर देताना आपले मरण जवळ आले आहे, याची जाणीव काजींनी बोलूनही दाखवली.

मग सुलतानाने आपण देत असलेल्या शिक्षांची यादी वाचली. त्यात दारू पिणाऱ्या-विकणाऱ्यांना खड्ड्यात टाकणेही होते. हे सगळे तुम्ही शरीयतविरुद्ध ठरवणार का, असे त्याने विचारले. काजी उठले, दूर जाऊन जमिनीवर माथा टेकवला आणि म्हणाले की मला मारा किंवा ठेवा, पण हे सारे शरीयतला धरून नाही.

इस्लाममध्ये दारू हराम आहे यात वाद नाही, आणि हे काजींना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक होते. पण शरीयतमध्ये शिक्षेला मर्यादा आहे, साक्षीदारांची अट आहे. माणसाला खड्ड्यात सडवून मारण्याला तिच्यात जागा नाही. दुसऱ्या दिवशी सुलतानाने काजींना खिलअत आणि एक हजार टंका दिले. वर स्पष्ट सांगितले की मी शिकलेला नाही, पण मुसलमान आहे. राज्याच्या हिताचे वाटते ते मी करतो, ते शरीयतमध्ये बसते की नाही हे मला माहीत नाही. सातशे वर्षांपूर्वीच्या या माणसाने स्वतःच्या कारभाराला इस्लामी म्हटले नाही. ते आज आपण म्हणतो आहोत. आणि त्याच्या तलवारीचा जाब इस्लामला विचारणारेही तीच चूक उलट्या बाजूने करतात.

मदीनेतली घागर

मग इस्लामच्या इतिहासात दारू सुटली ती कशी? यासाठी दिल्लीच्या सातशे वर्षे आधीच्या मदीनेत जावे लागते.

तिथेही दारू ही मुख्यतः घरगुती वस्तू होती. मदीना हे खजुराच्या बागांचे गाव. द्राक्षाची दारू थोडी, खजुराची अधिक. प्रेषितांचे सेवक हजरत अनस (रजि.) सांगतात की बंदीची आज्ञा आली तेव्हा ते अबू तल्हा (रजि.) यांच्या घरी पाहुण्यांना ‘फदीख’ वाढत होते. फदीख म्हणजे कच्चे खजूर ठेचून आंबवलेले पेय. बाहेर दवंडी ऐकू आली. अबू तल्हांनी अनस यांना काय आहे ते पाहायला पाठवले आणि कळताच सांगितले, ओतून टाक. मदीनेच्या गल्ल्यांतून दारू वाहिली.

दारू दिल्लीतही वाहिली आणि मदीनेतही. पण दिल्लीत ती दरवाज्यावर हुकमाने ओतली गेली, मदीनेत घरातल्या माणसाने स्वतःच्या हाताने ओतली. तिथे हेर नव्हते, खड्डे नव्हते. त्यामागे वर्षांची तयारी होती. कुरआनने आधी सांगितले की दारूत काही फायदा असला तरी गुनाह मोठा आहे. मग नशेत नमाजजवळ जाऊ नका असे सांगितले. पाच वेळच्या नमाजीने पिण्याचा वेळच आक्रसत गेला. शेवटी पूर्ण बंदी आली, तेव्हा मन आधीच तयार होते.

घरातल्या साठवणीचाही विचार झाला होता. पूर्व अरबस्तानातून अब्दुल कैस टोळीचे लोक प्रेषितांकडे (स.) आले, तेव्हा त्यांना चार प्रकारच्या भांड्यांत पेय ठेवायला मनाई झाली: वाळवलेला भोपळा, हिरवे लुकण दिलेला रांजण, डांबर लावलेले भांडे आणि खजुराच्या बुंध्यात कोरलेले भांडे. या भांड्यांत रस चटकन आंबतो आणि बाहेरून कळत नाही. चामड्याची पखाल मात्र आतल्या हवेने फुगते आणि मालकाला सावध करते. पुढे सवय मोडली, तेव्हा ही मनाई उठवली गेली. कोणत्याही भांड्यातून प्या, फक्त नशा आणणारे पिऊ नका, एवढेच उरले. खजूर किंवा मनुका रात्रभर पाण्यात भिजवून केलेले ‘नबीज’ प्रेषित स्वतः घेत, पण ते फार दिवस ठेवत नसत. आज रमजानमध्ये नबीजच्या पाककृती हौसेने पाठवल्या जातात, तेव्हा ते किती वेळ ठेवायचे हेही सोबत लिहायला हवे.

आणि घराच्या उंबऱ्याविषयी? इमाम गझाली यांनी ‘इह्या’ या ग्रंथात एक कथा दिली आहे. खलिफा हजरत उमर (रजि.) रात्री गस्त घालत असताना एका घरातून गाण्याचा आवाज आला. ते भिंत चढून आत गेले तर माणूस दारू घेऊन बसलेला. उमर (रजि.) रागावले. तो माणूस म्हणाला, मी एक चूक केली असेल, पण तुम्ही तीन केल्या. पाळत ठेवू नका असे कुरआन सांगते, तुम्ही ठेवली. घरात दारातून जा असे सांगते, तुम्ही भिंतीवरून आलात. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या घरात जाऊ नका असे सांगते, तुम्ही गेलात. उमर (रजि.) यांनी त्याच्याकडून तौबा घेतली आणि त्याला सोडून दिले.

वरवर पाहता सुलतानाचा शेवटचा हुकूम आणि ही कथा एकाच जागी येऊन थांबतात: घराच्या दाराशी. पण सुलतान तिथे थांबला कारण आतल्या माणसाशी त्याला कर्तव्य नव्हते. उमर थांबले कारण आतल्या माणसाचा हक्क त्यांना मान्य होता, आणि त्याची तौबाही त्यांना हवी होती.

त्याच गियासपूरमध्ये

चोरून दारू पिणाऱ्यांच्या वस्त्यांत बरनींनी गियासपूरचे नाव घेतले आहे. याच गियासपूरमध्ये त्या वर्षांत हजरत निजामुद्दीन औलिया यांची खानकाह होती. दरवाजा सर्वांना उघडा. चांगले-वाईट, गरीब-अमीर सगळ्यांना ते मुरीद करून घेत. त्यांची वचने ज्यांनी ‘फवाइद-उल-फुआद’ मध्ये टिपून ठेवली, ते अमीर हसन सिज्जी पुढे दक्षिणेत आले आणि आपल्या खुलदाबादला चिरनिद्रा घेत आहेत.

बरनी स्वतः या खानकाहचे मुरीद. ते लिहितात की अल्लाउद्दीनच्या शेवटच्या वर्षांत दारू-जुगाराचे नावही लोकांच्या तोंडी येईनासे झाले. त्याचे श्रेय ते खड्ड्यांना देत नाहीत, शेखांच्या सोबतीला देतात. मुरीदाच्या भक्तीमुळे यात थोडी अतिशयोक्ती असेल. कारण १३१६ साली सुलतान वारला, मुबारकशाह गादीवर आला, आणि दारूबंदीचा हुकूम नावाला कायम असूनही घराघराचा गुत्ता झाला, हेही बरनीच लिहितात. धाक एका माणसाचा होता, तो माणूस गेला आणि धाकही गेला.

आपल्या राज्यानेही हे अनुभवले आहे. १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला. मुंबईत हातभट्ट्या पेटल्या, परमिटांचे युग आले. पुढे बंदी सैल झाली, पण हातभट्टी राहिली. २००४ मध्ये विक्रोळीत आणि २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने माणसे मेली. एकट्या मालवणीत शंभराहून अधिक. मेलेले बहुतेक हातावर पोट असलेले मजूर होते आणि त्यांत आपलेही होते. त्या वस्तीत मशिदी कमी नव्हत्या, वाजही होत होते. संध्याकाळी थकून आलेल्या त्या माणसाजवळ बसायला कोण होते, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून तो मजकूर मी पुढे पाठवला नाही. ग्रुपवर एवढेच लिहिले की भाईजान, रांजण ओतल्याची गोष्ट खरी आहे, पण खड्ड्यांची आणि शेवटच्या हुकमाचीही खरी आहे. सगळी सांगा, नाहीतर सांगू नका. आपल्या गल्लीत कोण पितो हे आपल्याला ठाऊक असते. त्याची चहाडी करणे सोपे, त्याच्या नावाने वाज करणे त्याहून सोपे. एखाद्या संध्याकाळी त्याच्या दारावर थाप मारून, परवानगी घेऊन, त्याच्याजवळ बसणे अवघड. गियासपूरच्या खानकाहने हे अवघड काम केले होते.